पायथा माझा, माथा गोटहिल्फचा

मी, इर्मट्राउट केल्बरर, माहेरची बाउर, कै. एर्विन केल्बरर यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी केस कापणे व सध्या तळघरात रेल्वे चालवणे, राहणार गाइसलिंगेन, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कॉफी पिऊन लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. माझ्यावर दडपण आणणं किती अवघड आहे हे गावात कोणालाही विचारावं.

निमित्त असं की पुढच्या आठवड्यात उल्मच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काहीच कारण नाही." एकदाच म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. पण ते दारापर्यंत सोडायला आले आणि तिथे पुन्हा म्हणाले. म्हणून घरी येऊन कागद काढला.

आमच्या कायद्याप्रमाणे असं मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन साक्षीदार घेणार आहे. त्यातला एक कशासाठी, ते शेवटी कळेल.

कलम १. राहतं घर, मागची बाग आणि सफरचंदाची दोन झाडं माझी एकुलती एक मुलगी रेनाटे हिला द्यावीत. डावीकडच्या झाडाला फळं धरत नाहीत, पण ते एर्विनने लावलेलं आहे. रेनाटे व्यवहारी आहे, ती पहिल्याच वर्षी कुऱ्हाड काढेल. काढू नये.

कलम २. बँकेत जे असेल तेही रेनाटेचं. त्यातून आधी माझ्या अंत्यविधीनंतरची कॉफी व्हावी. सोबत बेदाणे घातलेला गोड वेणीपाव असावा, आणि तो बेकरीचा नको. बेकरीवाला बेदाणे मोजून घालतो. माझ्या मेल्यावर तरी लोकांना घासागणिक बेदाणा मिळाला पाहिजे.

कलम ३. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या श्रीमती आयझेले यांच्यासाठी. जिना झाडायची पाळी ज्या आठवड्यात ज्याची, त्याच्या दारावर पाटी टांगायची, ही आमच्या मुलखाची जुनी रीत. श्रीमती आयझेले पाटी टांगून घेतात, पण जिना असा झाडतात की कचऱ्याची झोपमोडसुद्धा होऊ नये. सदर पाटी मी त्यांना कायमची देत आहे. ती त्यांच्या दारावरून कधीही काढू नये. त्या मनाने चांगल्या आहेत. मला ताप आला तेव्हा रोज सूप आणून देत होत्या, आणि सूप जिन्यावर सांडत होत्या.

कलम ४. माझ्या कात्र्या, वस्तरे, आरसे रेनाटेकडे जावेत. बारीक टोकाची कात्री मात्र तळघरातच राहावी. ती आता तारा कापते. गावातल्या बायकांचे केस जन्मभर कापले म्हणून माझी बोटं हलकी आहेत. नाहीतर खेळण्यातल्या इंजिनाच्या पोटात हुकूम ऐकणारं नखाएवढं यंत्र, म्हणजे डिकोडर, बसवणं या वयात जमलं नसतं.

कलम ५. आता तळघरातली रेल्वे. बाकी सगळं वाटायला सोपं आहे. हिच्यासाठीच हे मृत्युपत्र.

ज्यांना आमचा चढ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की गाइसलिंगेनहून वर आम्स्टेटनला जाताना रेल्वे इतकी चढते की जड गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन लावावं लागतं. माझे सासरे त्या मागच्या इंजिनावर होते. आयुष्यभर लोकांच्या गाड्या ढकलल्या, माथ्यावर पोचवल्या, आणि एकटे घरंगळत खाली आले. ते म्हणायचे, "लोक हात पुढच्याला करतात, पण गाडी चढते ती मागच्यामुळे." एका नाताळाला त्यांनी दोन्ही मुलांना एकेक खेळण्यातलं हिरवं विजेचं इंजिन दिलं. दोन्ही अगदी सारखी. थोरला गोटहिल्फ, धाकटा माझा एर्विन.

त्या दोन इंजिनांसाठी दोघा भावांनी या तळघरात अख्खा चढ बांधला. इकडच्या भिंतीला पायथ्याचं स्टेशन, पलीकडच्या भिंतीला माथ्याचं, मध्ये डोंगर आणि झाडी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा प्लास्टर ओलंच होतं. माझ्या लग्नाच्या फोटोत नवऱ्याच्या कोपरावर पांढरा डाग दिसतो, तो त्याच डोंगराचा.

त्यांच्या रेल्वेत एकच उणीव होती, आणि ती गोटहिल्फला छळायची. जुन्या पद्धतीत रुळात जेवढी वीज सोडाल तेवढी गाडी धावते, आणि त्या रुळावर जितकी इंजिनं असतील तितकी सगळी एकदमच धावतात. त्यामुळे मागचं इंजिन माथ्यावर सोडून परत आणता येत नसे.

गोटहिल्फ म्हणायचा, "अरे, आपले बाबा माथ्यावरून एकटे परत यायचे. आपलं इंजिन गाडीबरोबर पार उल्मला जातं. ही काय रेल्वे झाली?"

एर्विन म्हणायचा, "मला चालते."

"तुला काय, घड्याळ बंद पडलं तरी चालतं!"

मग डिजिटल आलं. त्यात रुळात वीज कायम पुरेपूर असते आणि त्या विजेतूनच हुकूम जातो, की अमुक नंबर, पुढे चल. बाकीची इंजिनं वीज पितात आणि गप्प उभी राहतात. ज्याचा नंबर असेल तेवढंच हलतं. गोटहिल्फ पहिल्या दिवसापासून याच्या प्रेमात. एर्विन म्हणाला, "माझ्या मुडद्यावरून." शेवटी तसंच झालं, पण ते पुढे येईल.

कलम ६. हे कलम मालमत्तेचं नाही, एका दुपारचं आहे. तरी ते मृत्युपत्राचाच भाग समजावं.

एका वर्षी नाताळाआधी गोटहिल्फ दोन्ही हिरवी इंजिनं घेऊन गेला. "साफसफाई करून आणतो," म्हणाला. तीन राजांच्या सणाला, म्हणजे सहा जानेवारीला, घेऊन आला आणि बरोबर रुळात हुकूम सोडायची एक पेटी. त्याने दोन्ही इंजिनांत डिकोडर बसवले होते. एर्विनसाठी भेट. एर्विनचा चेहरा पडला, पण सण होता, वेणीपाव कापलेला होता, तो म्हणाला, "बरं, दाखव."

कारखान्यातून आलेला प्रत्येक डिकोडर तीन नंबरला ओ देतो, दुसरा नंबर आपण द्यावा लागतो. गोटहिल्फने दोन्ही इंजिनं मुद्दाम तीनवरच ठेवली होती, एकाच हाकेला पुढचं आणि मागचं दोन्ही निघावीत म्हणून. त्याने आपलं इंजिन गाडीच्या पुढे लावलं. एर्विनचं मागे टेकवलं. जोडणीचा आकडा अडकवला नाही, आमच्या चढावर मागचं इंजिन नुसतं टेकून ढकलतं. मग पेटीकडे वळला आणि म्हणाला, "बघ आता बाबांची गाडी."

तीन नंबर, पुढे. पुढचं इंजिन चढ चढायला लागलं. मागचं इंजिन उलटं फिरलं आणि चढावरून सुसाट खाली, पायथ्याच्या वळणावरून उडालं ते थेट सिमेंटवर. ढकलणारं कोणी न राहिल्याने अख्खी गाडी पुढच्या इंजिनाला मागे ओढत खाली आली.

 मग गोटहिल्फ म्हणाला, "तुझं वळणच वाकडं घातलंय."

एर्विन म्हणाला, "ही तुझी नवी पद्धत! उचल ती पेटी."

कोणीही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आमच्या मुलखात वाटणी म्हणजे समान वाटणी. केल्बररांचं शेत भावाभावांत वाटून वाटून इतकं अरुंद झालं होतं की बैल वळवायला शेजाऱ्याची परवानगी लागे. त्याच रक्ताचे हे दोघे. पुढच्या रविवारी मोजपट्टी आणली, चढाच्या बरोब्बर मध्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत चालवली. भुसासुद्धा दोघांनी मिळून झाडला, अर्धा अर्धा. गोटहिल्फ माथा घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या घरी गेला. एर्विनने कापलेल्या जागी फळी ठोकली आणि तिच्यावर बोगद्याचं तोंड रंगवलं.

तेव्हापासून आमची गाडी अर्धा चढ चढते, फळीपाशी थांबते आणि परत येते. रेनाटे म्हणायची, "आई, ही गाडी रोज काहीतरी घरी विसरते बघ." दोघे भाऊ त्यानंतर रस्त्यात भेटले की टोपी काढायचे आणि पुढे जायचे. एर्विन गेला तेव्हा गोटहिल्फ शेवटच्या रांगेत बसला होता आणि कॉफीला थांबला नाही.

कलम ७. एर्विननंतर मी एकदा रेल्वे चालवायला खाली गेले. भिंतीवर बटणांची फौज, आणि कुठलं कशाचं हे त्याच्या डोक्यात. दोन दिवस दाबत बसले, एकच दिवा लागला, तो चर्चमधला. रेनाटेने एक व्यापारी बोलावला. तो म्हणाला, इंजिनं घेतो, डोंगर फेकून द्या. मी त्याला कॉफीही विचारली नाही. त्याच आठवड्यात ठरवलं, की सगळं डिजिटल करायचं. दुकानदार सांगतात, डिजिटल म्हणजे फक्त दोन तारा. मृत्युपत्रात खोटं लिहू नये, म्हणून सांगते, दोन तारांनी सुरुवात होते.

पेटी कुठली घ्यावी यावर आमच्या गावच्या रेल्वेवेड्यांच्या क्लबात महाभारताहून मोठं युद्ध असतं. मी नवखी म्हणून प्रत्येकाने आपलीच पेटी सुचवली. गोटहिल्फ माझ्याशी बोलत नव्हता, म्हणून बिअरच्या ग्लासाला म्हणाला, "कुणीतरी सांगा तिला, माझ्यासारखीच घे म्हणावं. पुढेमागे सोयीचं पडेल."

मी समोरच्या प्रेटझेलच्या खाऱ्या पावाला म्हणाले, "त्याच्यासारखी सोडून कुठलीही चालेल, असं सांगा त्याला."

एवढ्या एका वाक्यापायी माझी पेटी वेगळी आणि त्याची वेगळी. मी हट्टी आहे हे मला मान्य आहे, पण माझ्या हट्टाला निदान मिठासारखा स्वाद असतो. गोटहिल्फचा हट्ट नुसता कोरडा.

रेनाटेला पुढे पेटी निवडायची वेळ आली तर माझी रीत लिहून ठेवते. मी श्टुटगार्टच्या प्रदर्शनात गेले, प्रत्येक दुकानासमोर हातात रिमोट घेतला आणि डोळे मिटले. न बघता गाडी थांबवता आली तर तो रिमोट चांगला. काचेवर बोट फिरवायचे सगळे रिमोट तिथेच बाद झाले. गाडीकडे बघायचं की काचेकडे? मी घेतला त्याला फिरवायचं जाड बटण आहे, संधिवाताच्या बोटांनाही सापडतं. दुसरी गोष्ट, लाल थांबण्याचं बटण आधी शोधावं, बाकी नंतर. तिसरी, रुळांवर जागोजागी नाणं आडवं ठेवून बघावं. पेटीने त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तोडली नाही तर तिथे जाड तार टाकावी, नाहीतर तिथेच एखाद्या दिवशी इंजिन वितळेल. विकणारा घाई करायला लागला तर पर्स बंद करावी.

पेटी बसवल्यावर पहिलंच नवं इंजिन रुळावर ठेवलं, "पुढे" दाबलं, आणि ते मागे गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा मागे. मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, की जुन्या पद्धतीत पुढे कुठे ते रूळ ठरवतात, इंजिन कसंही ठेवा, सगळी एकाच दिशेला जातात. डिजिटलमध्ये प्रत्येक इंजिन आपल्या स्वतःच्या तोंडाकडे जातं. ते उलटं ठेवलं तर उलटं जातं.

मी मोठ्याने हसले. मग इंजिन हातात घेऊन तळघराच्या पायरीवर बसले आणि रडले. हिरव्या इंजिनाला दोन्हीकडे सारखंच नाक आहे, सारखेच दिवे. तोंड कुठलं हे बाहेरून कळत नाही, फक्त आतल्या डिकोडरला ठाऊक असतं. त्या दिवशी नव्या पद्धतीची चूक नव्हती. एर्विनच्या वळणाचीही नव्हती. गोटहिल्फने मागचं इंजिन उलटं टेकवलं होतं, एवढंच. जुन्या पद्धतीच्या रुळांवर जन्म गेलेल्या माणसाच्या हाताला सवयच नव्हती तोंड बघायची.

माझा एर्विन त्यानंतर तेरा वर्षं जगला, आपलं वळण वाकडं असेल का म्हणून दर हिवाळ्यात ते उखडून पुन्हा घालत राहिला, आणि तसाच गेला. मला याचा राग आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही, इथेच संपवते.

कलम ८. पडलेलं इंजिन एर्विनने कपाटात टाकलं होतं. मी ते दुरुस्त केलं. छपरावरचा एक दांडा वाकडा राहिला आहे, पण चालतं छान. गोटहिल्फने बसवलेला डिकोडर आत तसाच होता आणि अजून तीनच नंबरला ओ देतो. मी तो बदललेला नाही. क्लबात गोटहिल्फला कोणीतरी विचारलं, तुझं हिरवं इंजिन इतक्या वर्षांत अजून तीनवरच कसं? तो म्हणाला, "बदलायचं विसरलो." गोटहिल्फ कधी काही विसरलेला मी पाहिलेला नाही.

सबब माझी अंतिम इच्छा अशी:

तळघरातला पायथा, रूळ, स्टेशन, चर्च आणि एर्विनचं हिरवं इंजिन माझे थोरले दीर गोटहिल्फ केल्बरर यांना द्यावं. अट एकच. त्यांनी आपला माथा इथे आणून पायथ्याला जोडावा आणि बोगद्याची फळी काढून जाळावी. त्यांनी नकार दिला तर सगळं रेनाटेने त्या व्यापाऱ्याला विकावं, म्हणजे डोंगर उकिरड्यावर जाईल आणि गोटहिल्फला तो बेकरीच्या वाटेवर रोज दिसेल.

जोडल्यावर एका रुळावर दोन पेट्या चालत नाहीत, दोन्ही जळतात. तेव्हा माझी पेटी काढावी आणि गोटहिल्फची ठेवावी. हे वाक्य लिहायला मला एक अख्खा कप कॉफी लागली.

मग त्याचं इंजिन पुढे लावावं, एर्विनचं मागे. मागचं इंजिन गोटहिल्फनेच, स्वतःच्या हाताने, तोंड बघून ठेवावं. माफी नको, भाषण नको. इंजिन नीट ठेवलं की माझ्या बाजूने हिशेब मिटला. गाडी माथ्यावर पोचली की एर्विनच्या इंजिनाला वेगळा नंबर द्यावा, आणि त्याला सासऱ्यांसारखं एकटं खाली येऊ द्यावं.

गोटहिल्फनंतर अखंड चढ रेनाटेचा. तिने तो कोणालाही अर्धा देऊ नये. पुढच्या पिढीने वाटणी मागितली तर त्यांना बाग द्यावी, घर द्यावं, सफरचंदाची झाडंही द्यावीत. रेल्वेला करवत लावू नये.

कलम ९. साक्षीदारांपैकी दुसरी सही गोटहिल्फची हवी. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यावी का, असं कोणी विचारेल. आमच्याकडे साक्षच लागत नसल्याने त्याने काही बिघडत नाही. रेनाटेने कागद घेऊन त्याच्याकडे जावं आणि सगळं वाचल्याशिवाय त्याला पेन देऊ नये. मला स्वतःला जायची हिंमत होत नाही, आणि हेही त्याने वाचावं.

वरील सर्व मजकूर मी माझ्या हाताने लिहिला असून खाडाखोड फक्त कलम ३ मध्ये आहे. तिथे आधी याहून कडक लिहिलं होतं.

गाइसलिंगेन, सोमवार, ११ नोव्हेंबर २०१९
इर्मट्राउट केल्बरर

साक्षीदार पहिली: वाल्ट्राउट आयझेले. कलम ३ वाचलं. पाटी घेते. पण सूप सांडलं ते तुमच्याच पायपुसण्याला अडखळून, याची नोंद व्हावी.

साक्षीदार दुसरा: गोटहिल्फ केल्बरर. दोनदा वाचलं. रेनाटे समोर बसून आहे, पेन देत नव्हती.

कलम ७ खरं आहे. मला त्याच क्षणी कळलं होतं, इंजिन जमिनीवर आपटायच्या आधी. एर्विनला उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. वळण सरळ होतं त्याचं. फार सुंदर वळण होतं.

कलम ८ मला मान्य नाही. तुझी पेटी काढायची नाही. माझी मी आजच काढून ठेवली, तिच्यावरचे आकडे मला आता दिसत नाहीत, मला तुझं ते जाड बटण हवंय. आणि तुझ्या मरणाची वाट बघत बसायला मी काही तरुण नाही. शनिवारी माथा घेऊन येतो. मागचं दार काढून ठेव, तो आडवा आत जात नाही. फळी मात्र मी येईपर्यंत काढू नकोस.

मागचं इंजिन मीच ठेवीन. तू जवळ उभी राहा आणि तोंड कुठे आहे ते सांग.